गेटच्या अलीकडे, गेटच्या पलीकडे

कोणतीही संस्था दोन प्रकारच्या परिस्थितीत काम करते. पहिली तिची स्वतःची असते: माणसे, यंत्रे, पैसा, नियम, कामाच्या सवयी, निर्णय घेण्याची रीत. व्यवस्थापनशास्त्र याला अंतर्गत पर्यावरण म्हणते. दुसरी तिच्या भोवतालची असते: ग्राहक, पुरवठादार, स्पर्धक, बँका, सरकार, कायदे, बाजारभाव, हवामान. हे बाह्य पर्यावरण. आतल्या गोष्टींवर संस्थेचा ताबा असतो, बाहेरच्यांवर नसतो. म्हणून बाहेरच्या संधी आणि धोके ओळखून आतली बलस्थाने आणि उणिवा त्यांच्याशी जुळवून घ्याव्यात, असा सल्ला पाठ्यपुस्तके देतात. सल्ला चुकीचा नाही. पण आत आणि बाहेर यांच्यामधली रेघ ठळक आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष संस्थेत ही रेघ जागोजागी पुसट झालेली दिसते, आणि संस्थेचे बरेवाईट बहुतेक वेळा त्या पुसट जागीच ठरते.

महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखाना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याला गेट असते, कंपाउंड असते, आत येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचे वजन काट्यावर होते. सीमा इतकी उघड दिसणारी संस्था विरळाच. तरीही आत काय आणि बाहेर काय, हे सांगणे इथे जेवढे अवघड तेवढे क्वचितच कुठे असेल.

सुरुवात सभासदापासून करता येते. सभासद हा भागधारक, म्हणजे कारखान्याचा मालक. तोच ऊस पिकवून घालतो, म्हणजे पुरवठादार. खासगी कंपनीत मालक आत आणि पुरवठादार बाहेर असतो. मालाचा भाव ठरवताना दोघे समोरासमोर बसतात. सहकारी कारखान्यात ही दोन्ही माणसे एकाच टोपीखाली असतात. मालक म्हणून सभासदाला कारखान्याकडे गंगाजळी राहावी, कर्ज फिटावे, यंत्रे वेळच्या वेळी बदलावीत असे वाटायला हवे. पुरवठादार म्हणून त्याला यंदाच्या उसाला जास्तीत जास्त दर हवा असतो. व्यवहारात दुसरा आवाज जवळजवळ नेहमीच मोठा ठरतो, कारण दराचा पैसा याच वर्षी हातात पडतो आणि गंगाजळीचा फायदा कधी, कोणाला होईल याचा नेम नसतो. त्यातच संचालक मंडळ निवडून देणारे मतदार हेच. निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणारा दर आतल्या हिशेबाने ठरला की बाहेरच्या दबावाने, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आतला हिशेब आणि बाहेरचा दबाव इथे एकाच माणसाचे असतात.

ही रचना योगायोगाने आलेली नाही. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या लोणी परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला आणि १९५० च्या सुमारास गाळप सुरू केलेला प्रवरा कारखाना हा राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया मानला जातो. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. त्याआधी खासगी कारखाने होते, कालव्याचे पाणीही होते. पण छोट्या बागायतदाराला एक तर गुळाच्या पडत्या भावावर विसंबावे लागे, नाही तर सावकाराच्या दारात जावे लागे. बाजार, पतपुरवठा आणि प्रक्रिया या तिन्ही बाहेरच्या गोष्टी त्याच्या विरोधात होत्या. त्यावरचा उपाय म्हणजे त्या आत ओढून घेणे. प्रक्रिया स्वतःच्या मालकीची झाली, पतपुरवठा सहकारी बँकांच्या साखळीतून आला, आणि राज्य सरकारने भागभांडवल घालून व कर्जाला हमी देऊन स्वतःलाही या रचनेत गुंतवून घेतले. संस्था ही मुळात बाहेरच्या परिस्थितीला दिलेले उत्तर असते. सहकारी कारखान्यात हे उत्तर कागदावरच लिहिलेले सापडते. मात्र बाहेरचे आत घेतले की त्याचे ताणही आत येतात, याचा अनुभव पुढच्या पिढ्यांनी भरपूर घेतला.

अमेरिकन अभ्यासक जेम्स थॉम्पसन यांनी १९६७ साली आत आणि बाहेर यांच्या नात्यावर एक नेमका विचार मांडला. प्रत्येक संस्थेचा एक तांत्रिक गाभा असतो. तो नीट चालायचा तर त्याला संथ, एकसारखा पुरवठा लागतो; बाहेरचे जग मात्र कधीच एकसारखे नसते. म्हणून संस्था गाभ्याभोवती कडे उभे करते: कच्च्या मालाचा साठा, तयार मालाचे गोदाम, आगाऊ करार, राखीव माणसे. बाहेरचे चढउतार या कड्यांत जिरतात आणि गाभ्यापर्यंत पोचत नाहीत.

साखर कारखान्याचा गाभा म्हणजे ऊस टाकायच्या गव्हाणीपासून साखर शिजवायच्या पॅनपर्यंतची गाळपाची साखळी. हंगामात ती चोवीस तास चालावी लागते. थांबली की वाफ वाया जाते, नळ्यांतला रस खराब होतो, पुन्हा सुरू करताना इंधन जाळावे लागते. ऊस संपल्यामुळे गाळप थांबणे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत ‘नो केन’, ही शेतकी खात्याची नामुष्की समजली जाते. पण थॉम्पसन यांचे पहिले कडे, कच्च्या मालाचा साठा, इथे उभेच करता येत नाही. ऊस साठवता येत नाही. तोडल्यावर त्यातल्या साखरेचे विघटन सुरू होते आणि वजनही घटते. शक्यतो एका दिवसात तो गव्हाणीत पडावा लागतो. कापूस गिरणीला गाठींचा ढीग रचता येतो, तसा कारखान्याला उसाचा ढीग रचता येत नाही.

मग कारखाना साठा करण्याऐवजी शेतात जातो. शेतकी विभाग हे त्याचे लांबवलेले हात. मुख्य शेतकी अधिकारी, गट अधिकारी आणि गावोगावचा चिटबॉय अशी ही उतरंड असते. लागण झाली की ऊस नोंद होते: कोणाचा, किती क्षेत्र, कोणती जात, कोणत्या तारखेला लावलेला. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा लागणींच्या तारखांवरून तोडीचा कार्यक्रम आखला जातो, म्हणजे पक्वतेच्या क्रमाने ऊस येत राहतो. बेणे, खते, ठिबक यासाठी कारखाना मदत करतो, कुठे कुठे उपसा सिंचन योजनांचाही भार उचलतो. शेत कारखान्याचे नाही, पीक कारखान्याचे नाही, पण कोणत्या आठवड्यात कोयता लागायचा हे कारखान्याच्या टेबलावर ठरते. गेटबाहेरच्या शेकडो चौरस किलोमीटरांवर कारखाना असा अर्धवट ताबा मिळवतो. हा ताबा फक्त सलोख्यावर टिकतो. नंबर डावलून ओळखीच्याचा ऊस आधी तोडला की पुढच्या वर्षी नोंद शेजारच्या कारखान्याकडे जाते.

उताऱ्याचेही तसेच आहे. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, हा आकडा कारखान्याच्या कार्यक्षमतेचा निर्देशांक म्हणून वार्षिक अहवालात छापला जातो. गिरण्यांची रचना, रसाची स्वच्छता, केमिस्टची हुशारी यांचा त्यात वाटा असतोच. पण रसात साखर मुळात किती आहे हे जमीन, हवा, उसाची जात आणि तोडीची वेळ ठरवते. कोल्हापूरकडचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास जातो आणि सोलापूर-मराठवाड्यात तो खाली राहतो, यात तिकडच्या केमिस्टचा दोष नाही. को ८६०३२ ही जात गेल्या दोन दशकांत राज्यभर पसरली, तीही कारखान्यांच्या आत जन्मलेली नाही. ती कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची देणगी आहे. आतल्या कामगिरीचा म्हणून मिरवला जाणारा आकडा असा बराचसा बाहेरून आलेला असतो.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत आत-बाहेरची ही रेघ सगळ्यांत वादग्रस्त होते. बीड, अहिल्यानगरचा पाथर्डीसारखा भाग आणि इतर अवर्षणग्रस्त तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; मजुरी आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, याच हिशेबाने ठरते. कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक यंत्रणा वाहतूकदाराशी करार करते, वाहतूकदार मुकादमाला, म्हणजे टोळीच्या प्रमुखाला, पैसे देतो, मुकादम टोळीला उचल देतो. कागदोपत्री मजूर कारखान्याचा नोकर नसतो. त्याच्याशिवाय कारखान्याची एक पाळीसुद्धा चालत नाही. जेफ्री फेफर आणि जेराल्ड सॅलन्सिक यांनी १९७८ साली मांडलेला परावलंबनाचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो. ज्या साधनावाचून अडते आणि ज्याला पर्याय नसतो, ते साधन ज्याच्या हाती त्याची संस्थेवर सत्ता चालते. या साखळीत ती सत्ता मजुराच्या हाती नसून मुकादमाच्या हाती एकवटली आहे. उचल घेऊन टोळी न आणणारे मुकादम आणि त्यापायी कर्जबाजारी झालेले वाहतूकदार ही दर हंगामाची तक्रार असते. मजूर कुटुंबांच्या आरोग्याचे, मुलांच्या शाळेचे, पालावरच्या पाण्याचे प्रश्न ही त्याच साखळीची दुसरी बाजू. त्यांना ‘बाहेर’ ठेवणे कारखान्यांना दीर्घकाळ सोयीचे होते. आता गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेतली जाते, म्हणजे सरकारने ही जबाबदारी थोडीशी तरी गेटच्या आत ढकलली आहे. थोडीशीच.

पैशाच्या बाजूने पाहिले तर बाहेरचे जग कारखान्याच्या आत आणखी खोल शिरलेले दिसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून चौदा दिवसांत त्याचा पैसा शेतकऱ्याला द्यावा लागतो; उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. २००९ पासून हा दर रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, या नावाने केंद्र सरकार ठरवते. साखर मात्र चौदा दिवसांत विकली जात नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत तयार झालेला माल वर्षभर विकायचा असतो, आणि २०१८ पासून दर महिन्याला किती विकायचा याचा कोटाही केंद्रच देते. मधली दरी भरण्यासाठी साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढावे लागते. त्याचे व्याज कारखान्याच्या ताळेबंदात ‘आतला’ खर्च म्हणून दिसते, पण त्याचे मूळ दोन सरकारी आदेशांच्या वेळापत्रकांत आहे.

दरांचा हिशेब त्याहून बोलका आहे. साखरेचा किमान विक्री दर २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला, २०१९ मध्ये ३१ झाला आणि पुढे अनेक हंगाम तिथेच राहिला. एफआरपी २०१८-१९ मध्ये दहा टक्के उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये होती. २०२४-२५ मध्ये सव्वादहा टक्के उताऱ्याला ३४० रुपये झाली. सव्वादहा टक्के उताऱ्याने एक टन उसातून १०२.५ किलो साखर निघते. ३१ रुपयांनी तिचे सुमारे ३,१७८ रुपये होतात, आणि उसाची एफआरपी ३,४०० रुपये. बाजारभाव सहसा किमान दराच्या वर असतो, मळी आणि बगॅस, म्हणजे चिपाड, यांचेही उत्पन्न असते, म्हणून कारखाने चालतात. तरी कच्च्या मालाचा दर सरकारने दरवर्षी वर न्यायचा आणि पक्क्या मालाचा आधारदर जागच्या जागी ठेवायचा, अशा कात्रीत व्यवस्थापकाच्या कौशल्याला फार वाव उरत नाही, हे मान्य करावे लागते. दुसऱ्या बाजूला शेतकरी संघटनांचा दबाव असतो. त्यांच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागितलेला दर कोल्हापूर-सांगलीच्या प्रत्येक संचालक मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर नसतानाही हजर असतो.

उपपदार्थांनी ही कोंडी काही प्रमाणात फोडली, आणि त्याबरोबर कारखान्याची अंतर्गत रचनाच बदलली. गाळलेल्या उसाच्या जवळजवळ तीस टक्के बगॅस निघते; तिच्यावर सहवीज प्रकल्प चालतो. मळीपासून आसवनीत अल्कोहोल आणि इथेनॉल तयार होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस आणि बरीच साखर राहिलेली बी-हेवी मळी यांपासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली, तेव्हा अनेक कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या किंवा वाढवल्या. एकेकाळी फक्त साखर करणाऱ्या संस्थेत आता चार वेगवेगळ्या जगांशी व्यवहार करणारे चार विभाग आले. शेतकी खाते शेतकऱ्यांशी बोलते आणि त्याचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. सहवीज विभागाची गाठ महावितरण आणि वीज नियामक आयोगाशी. आसवनीचे ग्राहक तेल कंपन्या, तर देखरेखीला उत्पादन शुल्क खाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. साखर विक्री विभाग व्यापाऱ्यांच्या निविदांवर डोळा ठेवून.

पॉल लॉरेन्स आणि जे लॉर्श या हार्वर्डच्या अभ्यासकांनी १९६७ मध्ये प्लास्टिक, खाद्यपदार्थ आणि डबे बनवणाऱ्या उद्योगांची तुलना करून हेच दाखवले होते. बाहेरचे जग जितके विविध आणि अस्थिर, तितके विभाग एकमेकांपासून वेगळे होत जातात. त्यांची काळाची जाणीव, उद्दिष्टे, बोलण्याची ढबसुद्धा बदलते. अशा वेळी त्यांना जोडणारी यंत्रणा तितकीच मजबूत लागते. कारखान्यात हा ताण रोजचा आहे. रस साखरेकडे वळवायचा की इथेनॉलकडे, बगॅस आत्ता जाळायची की हंगाम संपल्यावर वीज विकण्यासाठी राखायची, यावर विभागांची मते वेगळी असतात आणि प्रत्येकाचे मत त्याच्या त्याच्या बाहेरच्या जगाच्या दृष्टीने बरोबर असते. ही जोडणी करणे कार्यकारी संचालकाचे काम. अध्यक्षांचा वरदहस्त एखाद्या खात्यावर जास्त असेल तर ती जोडणी होत नाही, हेही खरे.

इथेनॉलची वाट किती बेभरवशाची आहे, हे लवकरच दिसले. २०२३ चा ऑगस्ट देशातला शंभरहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऊस कमी येणार, साखर महागणार या चिंतेने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, रस आणि सिरपपासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती शिथिल करून देशभरासाठी १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा ठरवली. कर्ज काढून उभारलेल्या आसवन्यांना पुरेसा कच्चा माल मिळेना, बी-हेवी मळीचे साठे टाक्यांत पडून राहिले. पण अवकाळी पावसाने उसाचे वजन वाढवले. सुरुवातीला राज्यात सुमारे नव्वद लाख टन साखर होईल असे अंदाज होते, प्रत्यक्षात सुमारे ११० लाख टन झाली. २०२४-२५ साठी निर्बंध उठले. या प्रकरणातून बाह्य पर्यावरणाचा एक महत्त्वाचा गुण कळतो. संस्थेवर परिणाम करते ती केवळ बाहेरची वस्तुस्थिती नव्हे, तर तिच्याविषयी कोणीतरी बांधलेला अंदाजही. आणि तो अंदाज बांधणारा संस्थेपेक्षा बलवान असेल तर तो चुकला तरी भोगावा लागतो.

पावसाचे चढउतार आकड्यांत पाहिले की बाहेरच्या परिस्थितीचा धक्का किती मोठा असतो ते समजते. २०१५-१६ मध्ये राज्यात सुमारे ८४ लाख टन साखर झाली, दुष्काळामुळे २०१६-१७ मध्ये ती जेमतेम ४२ लाख टनांवर आली, आणि लगेच पुढच्या हंगामात शंभर लाखांच्या पलीकडे गेली. २०२१-२२ मध्ये तर सुमारे १३७ लाख टनांचा उच्चांक झाला. मराठवाड्यात ऊस तोडायला टोळ्या पुरेनात आणि हंगाम जूनपर्यंत रेंगाळला.

हे धक्के सगळ्यांना सारखेच बसतात, पण सगळे सारखे कोसळत नाहीत. एकाच तालुक्यातले, एकाच पावसावर अवलंबून असलेले दोन कारखाने घेतले तर एकाने एफआरपी वेळेवर दिलेली असते आणि दुसऱ्यावर साखर आयुक्तांनी महसुली वसुलीची कारवाई केलेली असते. फरक शोधायचा तो आधीच्या चांगल्या वर्षांत. ऊस भरपूर असताना अनेकांनी गाळपक्षमता वाढवली. क्षमता वाढली, ऊस तेवढाच राहिला. दीडशे दिवसांचा हंगाम शंभर दिवसांवर आला, आणि कर्जाचे हप्ते व कायम कामगारांचे पगार मात्र बारा महिन्यांचे. दुष्काळात असा कारखाना आधी बुडतो. त्याचा अहवाल कारण म्हणून दुष्काळ लिहितो. ते अर्धसत्य असते. बाहेरचा धक्का आतल्या कोणत्या फटीतून शिरेल हे संचालक मंडळाने पाच-सात वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेले असते.

मग इतक्यांनी एकाच वेळी क्षमता का वाढवली? याचे एक उत्तर पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांच्या १९८३ च्या लेखात सापडते. एकाच क्षेत्रातल्या संस्था कालांतराने एकसारख्या दिसू लागतात: काही कायद्याच्या सक्तीने, काही एकाच तज्ज्ञवर्गाच्या प्रभावाने, आणि काही अनिश्चिततेत दुसऱ्याची नक्कल करून. साखर कारखान्यांत तिन्ही कारणे आहेत. उपविधींचा नमुना सरकारचा, १९६० चा सहकारी संस्था कायदा सर्वांना सारखा. तांत्रिक सल्ला आणि माणसे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून. आणि शेजारच्याने विस्तार केला तर आपण मागे कसे राहायचे, ही ईर्षा तर पंचक्रोशीची. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, खासगी कारखाने वाढले, तेव्हा ही शर्यत आणखी तीव्र झाली.

जॉन मायर आणि ब्रायन रोवन यांनी १९७७ मध्ये म्हटले होते की संस्था बऱ्याच औपचारिक गोष्टी काम चांगले व्हावे म्हणून करत नाहीत, तर बाहेरच्या जगात मान्यता टिकावी म्हणून करतात. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. विषय वाचला जातो, मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, पुढचा विषय. शेकडो कोटींचे ताळेबंद तासाभरात मार्गी लागतात. कायद्याला हवी असलेली लोकशाही कागदावर पूर्ण होते. खरा निर्णय आधीच कुठेतरी झालेला असतो. अर्थात विरोधी गट तगडा असेल तर हाच मांडव रणांगण होतो, आणि तेव्हा सभेला तिचा मूळ अर्थ परत मिळतो.

राजकारण या संस्थेच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. अध्यक्ष बहुधा आमदार, माजी आमदार किंवा त्या मार्गावरचा असतो. त्यामुळे सरकारी हमी, कर्जाचे पुनर्गठन, विस्ताराची परवानगी या बाहेरच्या गोष्टी कारखान्याला तुलनेने सहज मिळतात. त्याची किंमतही चुकवावी लागते. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले, तेव्हा कर्ज देणारे आणि कर्ज घेणारे एकाच वर्तुळातले असणे किती धोक्याचे हे चव्हाट्यावर आले. अनेक आजारी सहकारी कारखाने थकबाकीपोटी विकले गेले किंवा भाड्याने चालवायला दिले गेले, आणि सभासद शेतकरी मालक राहिला नाही, केवळ ऊस घालणारा उरला. म्हणजे १९५० च्या आधी तो जिथे होता जवळपास तिथेच. फक्त आता चौदा दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क त्याच्या हाती आहे.

कायदा भूतकाळातही हात घालू शकतो. कारखान्यांनी वैधानिक किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम खर्च की नफ्याचे वाटप, यावर आयकर खाते आणि सहकारी कारखाने यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. हजारो कोटींच्या करमागण्या ताळेबंदांवर टांगत्या होत्या. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने २०१६-१७ या कर निर्धारण वर्षापूर्वीची अशी रक्कम खर्च मानण्याची मुभा दिली, तेव्हा सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळाल्याचे सांगण्यात आले. दर ठरवणारे अनेक संचालक तोवर निवृत्त झालेले होते.

प्रभाव उलट्या दिशेनेही वाहतो. कार्ल वाइक यांच्या विवेचनानुसार संस्था आपला भोवताल काही अंशी स्वतःच घडवते आणि मग त्याला बाहेरची परिस्थिती समजून तोंड देते. कारखाना आला की परिसरात ऊस वाढतो, कारण हमखास खरेदी आणि कायद्याने बांधलेला दर दुसऱ्या पिकाला नाही. ऊस वाढला की पाण्याची मागणी वाढते, उपसा योजना येतात, विहिरी खोल जातात. मग पाऊस ओढ देतो तेव्हा टंचाई आणखी तीव्र होते आणि कारखाना तिला नैसर्गिक आपत्ती म्हणतो. चांगल्या बाजूनेही हेच घडले. प्रवरेच्या परिसरात रुग्णालय आणि महाविद्यालये आली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या कारखान्याभोवती दूध संघ, बाजार आणि मुलांचा वाद्यवृंदसुद्धा उभा राहिला. शिकलेली पुढची पिढी मात्र शेतीत राहीनाशी झाली, आणि कारखान्याला ऊस घालणाऱ्यांचे सरासरी वय वाढत चालले, हा त्याच यशाचा परिणाम.

सध्या चालू असलेला बदल ऊसतोडणी यंत्रांचा आहे. टोळ्या मिळणे अवघड होत चालल्याने कारखाने, वाहतूकदार आणि मोठे शेतकरी यंत्रे घेत आहेत, त्याला सरकारी अनुदानही मिळते. पण यंत्र चालायचे तर सरीतले अंतर साडेचार-पाच फूट हवे, प्लॉट मोठा आणि सलग हवा, वळायला जागा हवी. वाटण्यांनी तुकडे झालेल्या शेतात, तीन-साडेतीन फुटांच्या सरीत ते उतरवता येत नाही. शिवाय यंत्राने तोडलेल्या उसात पाचट जास्त येते, म्हणून वजनातून ठरावीक टक्के कपात होते आणि त्यावर शेतकरी नाराज होतात. त्यामुळे यंत्र खरेदी करणाऱ्या कारखान्याला त्याच्या दोन वर्षे आधी शेतकी खात्यामार्फत लागणीची पद्धत बदलून घ्यावी लागते, शेजारच्या बांधांना एकत्र तोडीला राजी करावे लागते, गव्हाणीजवळ पाचट वेगळे काढणारी व्यवस्था बसवावी लागते, आणि कपातीचा टक्का किती असावा यावर सभासदांशी, म्हणजे आपल्याच मालकांशी, वाटाघाटी कराव्या लागतात.